दिवेलागणीनंतरची बाकी

एका जंगलात, मुलांनो, एक पतपेढी होती. जंगल म्हटलं की तुम्हाला आधी सिंह आठवतो, मला ठाऊक आहे. सिंहही होता. पण त्याची गुहा पतपेढीकडे तारण होती, त्यामुळे हल्ली तो गर्जना करत नसे. नुसता खोकत असे.

पतपेढी डोहाच्या काठी होती. तिथला साहेब होता बगळा. या जंगलात सगळा व्यवहार भुईमुगाच्या शेंगांत चाले, आणि बगळा शेंगा खात नाही. एवढ्या एका गुणावर त्याला ती खुर्ची मिळाली. खुर्ची म्हणजे चिखलात रोवलेला एक दगड. त्यावर तो एका पायावर उभा राही आणि दिवसभर डोळे मिटून घेई. कर्जदारांना वाटे, साहेब आपल्याच प्रकरणाचा विचार करताहेत.

पण आपली गोष्ट बगळ्याची नाही. ती आहे भिवाजी साळिंदराची.

भिवाजी गरीब स्वभावाचा, पण अंगावर काटे असे की बिबट्यासुद्धा लांबूनच रामराम करून जाई. त्याने टेकडीच्या पायथ्याशी एक बीळ घेतलं. ऐसपैस दोन खोल्या, शेंगा साठवायला कोनाडा, तोंड पूर्वेला. त्यासाठी पतपेढीतून बाराशे शेंगा कर्ज काढलं. व्याज वर्षाला शेकडा बारा. हप्ता दर पुनवेला सतरा शेंगा. मुदत दहा वर्षं आणि वर थोडी.

बाकी सगळं ठीक होतं. पण पतपेढीने बिळाच्या तोंडावर एक पाटी टांगली: ‘हे बीळ पतपेढीकडे तारण आहे.’

पाटी टांगली ती नेमकी खाली. साळिंदर वाकून वाकून किती वाकणार? पाठीवरचे काटे थोडेच वाकतात? भिवाजी घरात शिरला की पाटीवर खर्रर्र असा आवाज होई. तो ऐकून टेकडीवरचे ससे म्हणत, "आला भिवाजी." आणि दर खेपेला दोन-चार काटे पाटीखाली पडत.

ते काटे गोळा करायची त्याची बायको, द्वारकाबाई. पण ती कधी "काटे गळले" म्हणत नसे. का सांगतो. त्या जंगलात एक जुनी रीत होती. काजवे लागले, म्हणजे दिवेलागण झाली, की उणं काही बोलायचं नाही. शेंगा संपल्या असं म्हणायचं नाही, शेंगा उदंड झाल्या म्हणायचं. हिशेबात उण्याची आडवी रेघ तर अजिबात ओढायची नाही. म्हणून भिवाजी संध्याकाळी घरी आला, की द्वारकाबाई केरसुणी घेऊन पुढे होई आणि सुस्कारा टाकून म्हणे, "आज तुमचे काटे फार उदंड झाले हो!"

अशी पाच वर्षं गेली. भिवाजीची पाठ मधूनमधून ओसाड दिसू लागली. एके दिवशी बिबट्या पाणवठ्यावर भेटला. पूर्वी तो लांबूनच जाई. या वेळी तो जवळ आला, भिवाजीभोवती एक फेरी मारली आणि अगदी मायेने म्हणाला, "तब्येत सांभाळा हं. चांगले भरलेले दिसता."

भिवाजी घरी आला तो घामाघूम होऊनच.

"अगं, त्याने मला पारखलं. बाजारात पडवळ पारखतात तसं पारखलं!"

"पाटी काढून टाका," द्वारकाबाई म्हणाली.

"कर्ज फिटल्याशिवाय कशी काढू?"

"मग फेडा. कोनाड्यात दोनशे शेंगा साठल्या आहेत. त्यांना आता कोंब फुटायला लागलेत. आणखी आठवडाभराने त्या ना खायच्या राहतील, ना भरायच्या."

भिवाजीने बोटांवर हिशेब केला. बोटं कमी पडली तेव्हा बायकोची घेतली. पाच वर्षांचे हप्ते साठ. साठ गुणिले सतरा... म्हणजे दिल्या एक हजार वीस शेंगा. घेतल्या होत्या बाराशे. राहिल्या एकशे ऐंशी! भिवाजीचे उरलेसुरले काटे आनंदाने थरथरले. वीस शेंगा वाचत होत्या. त्यांची द्वारकाबाईने मनातल्या मनात चटणीसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं शेंगांचं गाठोडं घेऊन पतपेढीत गेली.

"साहेब, राहिलेल्या एकशे ऐंशी घ्या आणि आमची पाटी उतरवा," भिवाजी म्हणाला.

बगळ्याने एक डोळा उघडला. "एकशे ऐंशी कुठून आणल्या?"

"कोनाड्यातून."

"आकडा कुठून आणलात म्हणतो मी."

भिवाजीने बोटांचा हिशेब सांगितला. बगळा हसला नाही. साहेब लोक अशा वेळी हसत नाहीत, फक्त मान थोडी लांब करतात.

"भिवाजी, तसं नसतं. तुमच्या पहिल्या हप्त्यातल्या सतरा शेंगांपैकी बारा व्याजात गेल्या. मुद्दलात आल्या पाच."

"बारा तुम्ही खाल्ल्या?"

"खाल्ल्या नाहीत हो. व्याज होतं ते."

"खाल्ल्या नाहीत तर मग आहेत कुठं?" द्वारकाबाईने विचारलं.

बगळ्याने डोळा मिटला. हा प्रश्न त्याच्या अखत्यारीत येत नव्हता.

"ते सोडा. मग आमची बाकी तरी किती, ते सांगा," भिवाजी म्हणाला. "आज पाटी उतरली पाहिजे साहेब. माझ्या पाठीचा प्रश्न आहे."

"तोंडी सांगता येत नाही. पत्रकातून काढावी लागेल. अष्टपुत्रे!"

अष्टपुत्रे हा पतपेढीतला कोळी. आठ पायांचा म्हणून अष्टपुत्रे नव्हे, आडनावच ते. वडाच्या दोन पारंब्यांमध्ये त्याने एक जाळं विणलं होतं. साधं गोल जाळं नाही. आडव्या ओळी, उभ्या ओळी, मध्ये चौकटीच चौकटी. हेच पेढीचं पत्रक. तुमच्या घरची मोठी माणसं संगणकावर अशाच चौकटींकडे बघत रात्री जेवायचं विसरतात, तोच प्रकार. चौकटीत आकडा ठेवायचा, धागा ओढायचा, की पाण्याचे थेंब घरंगळत कोपऱ्यात जमायचे आणि त्यांचं उत्तर तयार व्हायचं.

जाळ्याच्या वर बगळ्याने एक सूचना लावली होती: ‘पत्रकात येईल तो आकडा अंतिम असून उभय पक्षांवर बंधनकारक राहील.’

या सूचनेचा पहिला लाभ सिंहाला झाला होता. मागे एकदा तो हिशेब बघायला आला असताना त्याची शेपटी जाळ्याला लागली आणि त्याच्या बाकीपुढे एक शून्य जास्त पडलं. "ते शून्य माझ्या शेपटीने पडलंय," असं तो परोपरीने सांगत होता. बगळ्याने चोचीने सूचना दाखवली. त्या दिवसापासून सिंह खोकू लागला.

"यात एफव्ही नावाचं फंक्शन असतं," अष्टपुत्रे उत्साहाने म्हणाला. बिचाऱ्याला विचारायला कुणी येत नसे. "त्याला चारच गोष्टी सांगायच्या. व्याजाचा दर. भरलेले हप्ते. एक हप्ता केवढा. आणि मूळ कर्ज. की ते लगेच सांगतं, आज बाकी किती."

"बास? एवढंच?"

"आणि एक पथ्य आहे. पेढीतून बाहेर गेलं त्यामागे उण्याची रेघ, पेढीत आलं त्याला रेघ नाही. तुमचं कर्ज बाहेर गेलं, म्हणून उणे बाराशे. हप्ते आत आले, म्हणून नुसते सतरा. उत्तर नुसतं आलं तर पेढीला अजून यायचंय. उणे आलं तर..." तो थांबला. "तसं कधी आलेलं नाही."

त्याने पहिल्या चौकटीत दर ठेवला: शेकडा बारा. पुढे साठ. पुढे सतरा. पुढे रेघ आणि बाराशे. मग धागा ओढला.

थेंब धावू लागले. धावतच राहिले. कोपऱ्यातली चौकट फुगली, शेजारच्या दोन चौकटींवर पसरली. अष्टपुत्रे वाचू लागला आणि त्याचा आवाज पातळ होत गेला.

"नऊ लाख... पन्नास हजार... आणि वर नव्याण्णव."

भिवाजी मटकन खाली बसला. शेजारी बसलेलं कासव ओरडून उठलं, कारण भिवाजी त्याच्यावर बसला होता.

"साडेनऊ लाख?" द्वारकाबाई म्हणाली. "अहो साहेब, सगळं जंगल उकरलं तरी एवढ्या शेंगा निघायच्या नाहीत!"

"शेंगा कुठून आणायच्या हा कर्जदाराचा प्रश्न आहे," बगळा डोळे मिटूनच म्हणाला. "पत्रकात आलंय म्हणजे बरोबर असणार."

ती बाकी कायमची व्हायची, पण एवढ्यात पारंब्या करकरल्या. साडेनऊ लाखांचं ओझं त्या नाजूक जाळ्याला झेपलं नाही. ते फाटलं, आणि सगळे थेंब एकदम बगळ्याच्या डोक्यावर कोसळले.

"आकडा मोडला!" भिवाजी आनंदाने ओरडला.

"आकडा नाही, जाळं मोडलं," बगळा पंख झटकत म्हणाला. "अष्टपुत्रे, पुन्हा विणा."

अष्टपुत्रे विणायला बसला. विणताना त्याचं तोंड चालू होतं. दर बारा, हप्ते साठ... आणि मध्येच त्याने कपाळावर एकदम चार पाय मारून घेतले.

"साहेब! दर वर्षाचा आहे आणि हप्ता महिन्याचा! बाराला बाराने भागायचं राहिलं! शेकडा एक घ्यायला हवा होता."

"असं कसं राहिलं?"

"साहेब, कोळ्याला आयुष्यात वर्ष असतं एकच. महिना कुठला आणि वर्ष कुठलं, आमचा गोंधळ होतो."

हे ऐकून भिवाजीच्या जिवात जीव आला. पण जाळं विणून व्हायला वेळ लागला. ऊन पिवळं झालं, मग तांबडं झालं. शेवटची चौकट पुरी झाली आणि डोहावर पहिला काजवा लुकलुकला. मग दुसरा. मग सगळेच.

अष्टपुत्र्याने पाय आखडले. "साहेब, दिवे लागले. हिशेब उद्या सकाळी करू."

"उद्या?" द्वारकाबाईने पदर खोचला. साळिंदराला पदर नसतो असं मनात आणू नका, तिने खोचला. "यांना आता अंधारात त्या बिबट्यासमोरून घरी न्यायचं, पुन्हा त्या पाटीखालून घालायचं, आणखी चार काटे उदंड करायचे? मी आज बाकी ऐकल्याशिवाय इथून हलायची नाही. गाठोडं सोडते आणि इथंच चूल मांडते."

बगळ्याच्या जेवणाची वेळ झाली होती. डोहात मासे वर येत होते, आणि समोर ही बाई बसलेली.

"करून टाका हो अष्टपुत्रे. होऊ दे यांचं समाधान."

"पण साहेब, कर्जामागे ती रेघ..."

"तिन्हीसांजेला कसली रेघ ओढता? अभद्र कुठले! राहू द्या ती रेघ. एका रेघेने असं काय होतंय?"

साहेबांनी सांगितलं, अष्टपुत्र्याने केलं. दर शेकडा एक. हप्ते साठ. हप्ता सतरा. कर्ज बाराशे. रेघ नाही. धागा ओढला.

थेंब शहाण्यासारखे कोपऱ्यात गेले आणि चार आकड्यांत थांबले. त्या आकड्यांच्या मागे मात्र आपोआप एक आडवी रेघ उमटली. जाळ्याला कुणी रीतभात शिकवली नव्हती. सगळी चौकट करवंदासारखी लाल झाली.

"उ..." अष्टपुत्रे म्हणाला आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे ते, जे दिवेलागणीला म्हणत नाहीत ते. तीन हजार पाचशे अडुसष्ट."

"माझ्याकडे?" भिवाजीने क्षीण आवाजात विचारलं.

"नाही. पेढीकडे. पेढीने तुम्हाला द्यायच्या आहेत."

डोहातल्या माशांनीसुद्धा पाण्याबाहेर डोकी काढली.

झालं होतं काय, ते तुम्हाला सांगून टाकतो. रेघ नसल्यामुळे पत्रकाला वाटलं, भिवाजीने बाराशे शेंगा पेढीतून नेल्या नाहीत, पेढीत आणून ठेवल्या. आणि वर दर पुनवेला आणखी सतरा ठेवत आला. एवढ्या ठेवीवर पाच वर्षांचं व्याज धरून तेवढ्याच शेंगा होतात. पत्रकाने गणित चोख केलं होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

बगळ्याने दोन्ही डोळे उघडले. दुसरा पायही खाली टेकला. साहेबांना दोन पाय आहेत हे पुष्कळांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"हे चूक आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून खोकण्याचा आवाज आला. सिंह पाणी प्यायला आला होता. तो सावकाश पुढे झाला, शेपटी पोटाशी धरून उभा राहिला आणि जाळ्यावरची सूचना मोठ्याने वाचू लागला.

"पत्रकात येईल तो आकडा अंतिम असून... उभय... पक्षांवर..."

"उभय" म्हणताना त्याचा घसा साफ झाला. "पक्षांवर" म्हणताना झाडावरचे पक्षी उडाले. आणि "बंधनकारक राहील!" ही गर्जना चार टेकड्यांपलीकडे ऐकू गेली. बऱ्याच दिवसांनी सिंहाला बरं वाटलं.

गर्जना ऐकून जंगल गोळा झालं. कोल्हा, तरस, ससे, रानडुकराचं सगळं खटलं. "आमची पण बाकी काढा! आत्ताच काढा! दिवे आहेत तोवर काढा!"

बगळ्याच्या मानेला घाम फुटला. पेढीत सगळ्या मिळून शेंगा होत्या जेमतेम दोन हजार.

भिवाजीला मात्र काही उमजेना. त्याच्या बोटांवर अजून एकशे ऐंशीच होत्या. तो सरळ माणूस, म्हणजे सरळ साळिंदर. त्याने गाठोडं उचललं आणि दगडावर ठेवलं.

"साहेब, तुमचं काय असेल ते असो. मी माझ्या एकशे ऐंशी भरतो."

"नको!" बगळा किंचाळला. "ठेवू नका! उचला आधी! त्या आत आल्या तर आम्ही तुम्हाला तीन हजार सातशे अठ्ठेचाळीस देणं लागू!"

"पण मी देणं लागतो ना?"

"अहो, पत्रकात तुमचं देणं घ्यायला जागाच नाही!"

द्वारकाबाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं. काटे लागल्यामुळे तो लगेच गप्प झाला. मग ती बगळ्याजवळ गेली आणि हळूच बोलली.

"भाऊसाहेब, एवढ्या शेंगा आम्हाला ठेवायला तरी कुठं जागा आहे? कोनाडा तेवढासा. त्या राहू देत तुमच्याकडे. आम्ही मागायला येणार नाही."

बगळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी ते जाळ्यातलं नव्हतं. "आणि?"

"आणि बेबाकीचा दाखला द्या. आणि ती पाटी उतरवा. आत्ता. तुमच्या चोचीने."

अशी त्या रात्रीची वरात निघाली. पुढे काजवे, मागे सिंह, मध्ये पतपेढीचा साहेब, आणि त्याच्या चोचीत दाखला. बिबट्या वाटेतच उभा होता. त्याने भिवाजीच्या पाठीकडे पाहिलं, मग मागच्या सिंहाकडे पाहिलं, आणि दुसरीकडे कुठे तरी फार महत्त्वाचं काम निघाल्यासारखा निघून गेला.

पाटी उतरली. भिवाजी पहिल्यांदाच आवाज न करता घरात शिरला, इतका की आधीच आत गेलेली द्वारकाबाई दचकून ओरडली, "कोण आहे रे?" मग दोघांनी पोटभर शेंगा खाल्ल्या, कोंबासकट.

सकाळी दिवे गेल्यावर अष्टपुत्र्याला राहवेना. त्याने बाराशेमागे रेघ ओढली आणि धागा ओढला. आलं सातशे ब्याण्णव. शेवटच्या शेंगेचा थोडा तुकडा कमी, पण आपण शेंगा मोडून मोजत नाही. तो धावत साहेबांकडे गेला.

"साहेब, खरी बाकी सापडली! भिवाजीकडून अजून सातशे ब्याण्णव यायच्या आहेत!"

बगळा पुन्हा एका पायावर आला होता. "कालचा आकडा कुठून आला होता?"

"पत्रकातून."

"पत्रकातला एक आकडा चुकला असं आपण म्हटलं, की दुपारपर्यंत सिंहमहाराज आपलं शून्य घेऊन हजर होतील. त्यांच्यामागे सगळं जंगल. पुसा ते."

अष्टपुत्र्याने सातशे ब्याण्णव पुसले. संध्याकाळी सिंह मोठ्या आशेने आला, तर वडाला नवी सूचना होती: ‘दिवेलागणीनंतर हिशेब बंद.’ सिंहाने ती मनातल्या मनात वाचली आणि एकदा खोकून परत गेला.

भिवाजीचे काटे हळूहळू पुन्हा दाट झाले. आणि एका दुपारी बगळा स्वतः चालत बिळाशी आला. दोन्ही पायांनी.

"भिवाजीराव," तो गोड आवाजात म्हणाला. भिवाजीचा ‘राव’ झाला तो तिथे. "पेढीच्या दप्तरी तुमच्याइतकं स्वच्छ खातं दुसरं नाही. मागच्या बाजूला आणखी एक खोली काढा ना. आम्ही कर्ज देऊ. कागद घेऊनच आलोय."

भिवाजीने गोंधळून बायकोकडे पाहिलं. द्वारकाबाईने बगळ्यासमोर पाट मांडला. पाट कसला, तीच जुनी पाटी होती, उलटी करून.

"घेऊ की साहेब. का नाही घ्यायचं?" ती म्हणाली. "बसा निवांत. तेवढे काजवे लागू द्या, मग आकडे भरू."

बगळा इतक्या घाईने उडाला, की त्याचे कागद तिथेच राहिले. द्वारकाबाई आजही त्यांवर शेंगा वाळवते.

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी कर्ज घ्याल तेव्हा हिशेबात कधीही चूक करू नका. चूक नेहमी पतपेढीकडून करून घ्यावी. आपली चूक आपल्यालाच फेडावी लागते, आणि त्यांची चूक अंतिम असते.